सायटोक्रोम सी, भिरंडाची सोलं आणि ब्लॉटवरची एक काळी पट्टी

एप्रिल-मेमध्ये गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत घरोघरच्या अंगणात भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं वाळत पडतात. त्याच दिवसांत फोनवर एक संदेशही फिरायला लागतो: कोकम कर्करोगाच्या पेशी मारतं, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. पाठवणारी माणसं आपलीच असतात, काळजीपोटी पाठवतात. त्यामुळे त्याला अफवा म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. शिवाय त्याच्या मुळाशी खरं संशोधन आहे.

भिरंडाच्या सालीत गार्सिनॉल नावाचा पिवळा पदार्थ असतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात गार्सिनॉल आणि हळदीतलं कर्क्युमिन हे दोन्ही एचएल-६० नावाच्या पेशींवर टाकून पाहिले होते. रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाकडून १९७०च्या दशकात घेतलेल्या या पेशी तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. निष्कर्ष असा होता की या पदार्थांमुळे मायटोकॉन्ड्रियातलं सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं आणि मग पेशी स्वतःच स्वतःला संपवते.

सायटोक्रोम सीचा एक रेणू जेमतेम तीन-साडेतीन नॅनोमीटरचा. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसणं शक्य नाही. मग तो आधी आत होता आणि नंतर बाहेर आला, हे कळलं कसं? कळलं ते अँटीबॉडीमुळे, म्हणजे प्रतिपिंडामुळे. कोविडच्या काळात हा शब्द घराघरांत पोचला, पण संशोधनात अँटीबॉडी रोगाशी लढायला नाही, एखादं प्रथिन ओळखायला वापरतात. ही अँटीबॉडी म्हणजे बोटभर कुपीच्या तळाशी आलेलं थोडंसं रंगहीन द्रव. वर्तमानपत्रातला दावा कितीही मोठा असला तरी त्याचं वजन शेवटी त्या थेंबभर द्रवाला नक्की काय दिसलं यावर ठरतं. हा लेख त्या थेंबाविषयी आहे.

आधी त्या प्रथिनाविषयी

आपण घेतलेल्या श्वासातला ऑक्सिजन पेशीपेशीतल्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत जातो. मायटोकॉन्ड्रियाला दोन आवरणं असतात. आतल्या आवरणात प्रथिनांचे मोठे समूह बसवलेले असतात, त्यांना कॉम्प्लेक्स एक, दोन, तीन, चार असं म्हणतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन या समूहांतून पुढे पुढे सरकतात आणि त्या प्रवासात मिळालेल्या ऊर्जेवर पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, तयार होतं. सायटोक्रोम सी हे यातलं छोटं, हलतं प्रथिन. ते दोन आवरणांच्या मधल्या जागेत असतं, कॉम्प्लेक्स तीनकडून एक इलेक्ट्रॉन घेतं आणि कॉम्प्लेक्स चारला नेऊन देतं. एका वेळी एकच. ऑक्सिजनच्या एका रेणूचं पाणी व्हायला चार इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे चार खेपा.

माणसाचं सायटोक्रोम सी फक्त १०४ अमिनो आम्लांचं आहे. त्याच्या पोटात लोह असलेला हीमचा गट असतो, म्हणून शुद्ध केलेलं सायटोक्रोम सी लाल दिसतं. हीम हिमोग्लोबिनमध्येही असतं, पण तिथे ते नुसतं बसवलेलं असतं. इथे दोन पक्क्या रासायनिक बंधांनी प्रथिनाला जोडलेलं असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोम हे नाव रूढ केलं, आणि पुढची सत्तर वर्षं हे प्रथिन म्हणजे श्वसनातला हमाल, एवढीच त्याची ओळख होती. १९९६ साली शियाओदोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की हेच प्रथिन मायटोकॉन्ड्रियातून निसटून पेशीद्रवात आलं, तर पेशी मरणाच्या वाटेला लागते. बाहेर आलेलं सायटोक्रोम सी अ‍ॅपॅफ-१ नावाच्या प्रथिनाला चिकटतं, अशा सात जोड्या मिळून चाकासारखी रचना होते, आणि ती कॅस्पेझ नावाची कात्रीसारखी काम करणारी विकरं (एन्झाइम) जागी करते. एकच प्रथिन, नुसती जागा बदलली आणि परिणाम उलटा झाला. मला जीवशास्त्रात याहून विलक्षण गोष्टी फार थोड्या माहीत आहेत.

त्यामुळे इथे प्रश्न 'सायटोक्रोम सी आहे का' हा नाहीच. ते प्रत्येक श्वास घेणाऱ्या पेशीत असतंच. प्रश्न 'कुठे आहे' हा आहे, आणि तो बराच अवघड आहे.

अँटीबॉडीला काय दिसतं

एखादं प्रथिन उंदराला किंवा सशाला टोचलं की त्याचं शरीर ते परकं समजून त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. सशाच्या रक्तातून जी मिळते ती अनेक प्रकारच्या अँटीबॉडींची मिसळ असते. १९७५ साली कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच प्रकारची अँटीबॉडी अखंड बनवत राहणाऱ्या पेशी तयार करण्याची रीत शोधली. तिला मोनोक्लोनल म्हणतात, आणि या कामाला १९८४चं नोबेल मिळालं. आता तर अँटीबॉडीचा जनुकीय आराखडाच साठवून ठेवून हवी तेव्हा तीच अँटीबॉडी बनवता येते.

सायटोक्रोम सीच्या बाबतीत इथेच पहिली अडचण येते. हे प्रथिन उत्क्रांतीत फारच कमी बदललं आहे. माणसाचं आणि चिंपांझीचं अगदी एकसारखं, ऱ्हीसस माकडात एका अमिनो आम्लाचा फरक, घोड्यात बाराचा. सशाला माणसाचं सायटोक्रोम सी टोचलं तर त्याच्या शरीराला त्यात परकं वाटावं असं फार थोडं सापडतं. म्हणून चांगली अँटीबॉडी मिळायला कष्ट पडतात, आणि मिळते ती बहुधा जिथे फरक आहे तेवढाच तुकडा ओळखते.

हा 'तुकडा' शब्द महत्त्वाचा. अँटीबॉडी अख्खं प्रथिन पाहत नाही. जत्रेच्या गर्दीत पाठमोरा माणूस आपण चालीवरून ओळखतो, चेहरा दिसलेला नसतो, तसं तिचं असतं. तोच माणूस खाटेवर झोपलेला असेल तर ती ओळख उपयोगाची नाही.

सायटोक्रोम सीसाठी दोन मोनोक्लोनल अँटीबॉडी वर्षानुवर्षं वापरल्या जातात. त्यांची नावं ६एच२.बी४ आणि ७एच८.२सी१२. पहिली, घडी शाबूत असलेलं, जिवंत पेशीतल्यासारखं प्रथिन ओळखते. दुसरी, घडी मोडलेलं, उकळून सरळ केलेलं प्रथिन ओळखते. कुपीवर दोन्हींच्या नावापुढे 'सायटोक्रोम सी' असंच लिहिलेलं. सूक्ष्मदर्शकाच्या प्रयोगासाठी पहिली लागते, ब्लॉटसाठी (ही पद्धत पुढे सांगते) दुसरी. अदलाबदल झाली तर काहीच दिसत नाही, आणि नवखा विद्यार्थी 'या पेशींत प्रथिनच नाही' असं लिहून मोकळा होतो. खरं तर अँटीबॉडीला ते या रूपात ओळखता येत नाही, एवढंच घडलेलं असतं.

ब्लॉटच्या टेबलाशी

वेस्टर्न ब्लॉट ही यातली सगळ्यात रुळलेली पद्धत. पेशी फोडून त्यातली प्रथिनं एसडीएस नावाच्या साबणासारख्या रसायनात उकळतात. घड्या मोडतात, प्रत्येक प्रथिनावर ऋण भार चढतो. मग ती जेलीसारख्या पातळ पाटीतून विजेच्या साहाय्याने ओढतात. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे राहतात. जेलमधून ती एका पांढऱ्या पातळ पडद्यावर उतरवायची, पडद्यावरची रिकामी जागा पाच टक्के दुधाच्या पावडरीच्या द्रावणाने भरून काढायची (हो, साय काढलेल्या दुधाचीच पावडर), नंतर हवं ते प्रथिन ओळखणारी प्रायमरी अँटीबॉडी, त्यावर त्या प्रायमरीला धरणारी सेकंडरी. सेकंडरीला एक विकर जोडलेलं असतं. त्यावर योग्य द्रावण टाकलं की त्या जागी प्रकाश निघतो आणि यंत्राच्या पडद्यावर काळी पट्टी उमटते. तिलाच सगळे बँड म्हणतात.

सायटोक्रोम सी बारा ते पंधरा किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास, म्हणजे जेलच्या अगदी तळाशी सापडतं. थोडा वेळ जास्त चालवलं की ते खालून निघून जातं. पडद्याची छिद्रं नेहमीची ०.४५ मायक्रॉनची घेतली तर इतकं लहान प्रथिन आरपार जाऊ शकतं, म्हणून ०.२ मायक्रॉनचा पडदा वापरावा. हे तपशील किरकोळ वाटतील, पण बँड न दिसण्याची कारणं बहुतेक वेळा इथेच असतात, अँटीबॉडीत नसतात.

आता त्या हीमकडे येऊ. ते पक्क्या बंधांनी जोडलेलं असल्यामुळे उकळून, जेलमधून पळवूनही प्रथिनाला चिकटून राहू शकतं. आणि हीममधलं लोह स्वतःच सेकंडरीवरच्या विकराचं काम थोडंफार करतं. म्हणजे प्रकाश देणारं द्रावण टाकल्यावर सायटोक्रोम सी अँटीबॉडी न लावताही चमकू शकतं! जिवाणूंमधली या जातीची सायटोक्रोम प्रथिनं शोधायला संशोधक हाच गुण मुद्दाम वापरतात. पण आपण अँटीबॉडीच्या भरवशावर निष्कर्ष काढत असू, तर पडद्याच्या एका कापलेल्या पट्टीवर प्रायमरी न लावता आणि एका पट्टीवर कुठलीच अँटीबॉडी न लावता पाहणं भाग आहे. मी अशा जोडपट्ट्या छापलेल्या फार कमी पाहिल्या आहेत, आणि मला याचं वाईट वाटतं, कारण खर्च जवळजवळ शून्य असतो.

आत की बाहेर हे ठरवायला पेशी वेगळ्या रीतीने फोडावी लागते. बाहेरचं आवरण उघडायचं, पण मायटोकॉन्ड्रिया फुटू द्यायचे नाहीत. यासाठी डिजिटोनिन वापरतात. हा पदार्थ कोलेस्टेरॉलला धरतो. पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल भरपूर, मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात कमी, म्हणून मात्रा बेताची ठेवली तर पेशी उघडते आणि मायटोकॉन्ड्रिया टिकतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की मायटोकॉन्ड्रिया तळाशी बसतात, पेशीद्रव वर राहतो. दोन्ही वेगवेगळे जेलवर चढवायचे.

गेल्या पावसाळ्यात पेशींना अर्क देऊन हाच प्रयोग करणारी एम.एस्सी.ची एक मुलगी माझ्याकडे धावत आली.

"मॅम, बँड आला! अर्क दिलेल्या पेशींच्या पेशीद्रवात सायटोक्रोम सी आहे."

"आणि अर्क न दिलेल्या?"

"तिथेही आहे थोडा, पण फिका."

"त्याच नमुन्यांवर कॉक्स फोर लावलंस?"

तिने लावला. कॉक्स फोर हा कॉम्प्लेक्स चारचा एक भाग, सुमारे १७ किलोडाल्टनचा, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या आवरणात घट्ट रोवलेला. पेशी मरायला लागली, बाहेरच्या आवरणाला भोकं पडली, तरी तो जागचा हलत नाही. पेशीद्रवात सायटोक्रोम सी दिसतं आणि कॉक्स फोर दिसत नाही, तर सायटोक्रोम सी खरोखर निसटलंय. दोन्ही दिसले तर नमुना बनवतानाच मायटोकॉन्ड्रिया फुटलेत. तिच्या ब्लॉटवर दोन्ही दिसले, दोन्ही नमुन्यांत. तिने काचेच्या नळीत पेशी जोरजोरात घोटल्या होत्या. डिजिटोनिनची मात्रा बसवून तिने काम पुन्हा केलं. कॉक्स फोर पेशीद्रवातून नाहीसा झाला, सायटोक्रोम सीचा फिका बँड मात्र अर्क दिलेल्या नमुन्याच्या लेनमध्येच (जेलवरच्या रांगेतच) उरला. पहिल्यापेक्षा कितीतरी फिका, पण आता त्याला अर्थ होता.

कॉक्स फोर आणि सायटोक्रोम सी जेलवर इतके शेजारी येतात की एकाच पट्टीवर दोन्ही लावले तर गोंधळ होतो. पट्ट्या वेगळ्या कराव्यात, किंवा कॉक्स फोरऐवजी बाहेरच्या आवरणातलं व्हीडॅक नावाचं प्रथिन घ्यावं, ते तीस किलोडाल्टनच्या वर दिसतं. पेशीद्रवाच्या बाजूने टुब्युलिन किंवा गॅपडीएच यांसारखं पेशीद्रवातलं प्रथिनसुद्धा हवं, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये माल सारखा चढवलाय हे कळतं.

दुसरी पद्धत सूक्ष्मदर्शकाची. पेशी फोडायची नाही, जागच्या जागी स्थिर करायची आणि चमकणाऱ्या रंगाची सेकंडरी लावायची. निरोगी पेशीत सायटोक्रोम सी तंतूंच्या जाळीसारखं दिसतं. निसटलं की जाळी विस्कटून सगळीभर धूसर पसरतं. हे पाहायला सुंदर असतं आणि फसवंही असतं, कारण पेशी नीट स्थिर झाल्या नाहीत तरी धूसरपणा येतो. मायटोकॉन्ड्रियाचा दुसरा एखादा खुणेचा रंग सोबत असल्याशिवाय असं चित्र मी पुरावा मानत नाही.

कुपीवरचं लेबल हे फक्त आश्वासन

अँटीबॉडी विकत घेतली म्हणजे ती चालतेच, असं नाही. मेंदूशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटीबॉडी एका आंतरराष्ट्रीय गटाने अलीकडे एकसारख्या रीतीने तपासल्या. ज्या पेशीतून ते प्रथिन बनवणारं जनुकच काढून टाकलंय तिच्यावर अँटीबॉडी लावायची. तिथेही बँड आला तर ती दुसरंच काहीतरी ओळखते आहे. या परीक्षेत बऱ्याच अँटीबॉडी नापास झाल्या, आणि त्यांतल्या कित्येकांच्या आधारावर लिहिलेले शोधनिबंध आधीच छापलेले होते. आराखड्यावरून बनवलेल्या अँटीबॉडी सरासरीने सगळ्यात चांगल्या ठरल्या.

सायटोक्रोम सीसाठी ही परीक्षा घेणं सोपं नाही. या जनुकाशिवाय उंदराचा गर्भ मधेच मरतो. तशा पेशी खास खाद्य देऊन वाढवता येतात, पण प्रत्येक ठिकाणी ते जमत नाही. त्याऐवजी सायआरएनए (जनुकाचा निरोप अडवणारा छोटा रेणू) वापरून प्रथिनाचं प्रमाण तात्पुरतं कमी करावं आणि बँडही त्याच प्रमाणात फिका होतो का पाहावं. किंवा वेगळा तुकडा ओळखणारी दुसरी अँटीबॉडी लावून निकाल जुळतो का ते तपासावं.

कुपी इथपर्यंत पोचते कशी, हेही पाहावं लागतं. कुपी बर्फाच्या पिशव्यांत येते. पार्सल शुक्रवारी संध्याकाळी येऊन सोमवारपर्यंत कुणाच्या टेबलावर पडून राहिलं तर गोव्याच्या मे महिन्यात काय होईल ते सांगायला नको. जून-जुलैत वीज जाते-येते, फ्रीझर वितळतो आणि पुन्हा गोठतो, आणि प्रत्येक वेळी अँटीबॉडीची ताकद थोडी कमी होते. आली त्याच दिवशी दहा-दहा मायक्रोलिटरचे अलिकॉट, म्हणजे छोटे वाटे, करून ठेवणं हा त्यावरचा सोपा उपाय. हजारपट पातळ करून वापरायची तर दहा मिलिलिटर द्रावणाला दहा मायक्रोलिटर पुरते, म्हणजे एक अलिकॉट एक ब्लॉट. बुरशी लागू नये म्हणून सोडियम अझाइड घालायची सवय असते, पण सेकंडरीत ते कधीच घालू नये. त्यावरचं विकर अझाइडने बंद पडतं.

एवढं समजल्यावर भिरंडाच्या दाव्याकडे पाहिलं तर त्याची हद्द दिसते. बशीतल्या पेशींवर शुद्ध गार्सिनॉल टाकल्यावर सायटोक्रोम सी बाहेर आलं, इतकंच तो सांगतो. सोलकढीतून किती गार्सिनॉल रक्तात पोचतं, ते गाठीपर्यंत जातं का, निरोगी पेशींना काय होतं, याविषयी तो ब्लॉट गप्प आहे. बशीत पेशी मारणारे पदार्थ असंख्य आहेत. त्यांतले औषध झालेले मोजके. म्हणून घरात कुणाची बांबोळीच्या सरकारी इस्पितळात केमो चालू असेल तर ती या संदेशापायी एक दिवसही थांबवू नका. सोलकढी आवडीने प्या, डॉक्टरांनी पथ्य सांगितलं नसेल तर.

गोव्यातल्या विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न मात्र खास इथला आहे. कर्करोगाच्या पेशींवर काम करणाऱ्यांना अँटीबॉडी तयार मिळतात, कारण त्या माणूस, उंदीर, घूस यांच्यासाठीच बनवलेल्या असतात. पण मांडवी-जुवारी नद्यांच्या खाडीतले शिनाणे (एक प्रकारचे शिंपले), तिसऱ्या, कुर्ल्या घेऊन काम करणाऱ्याने काय करावं? शिनाणे पाणी गाळून खातात, पाण्यातलं प्रदूषण अंगात साठवतात, म्हणून जगभर त्यांच्यासारख्या शिंपल्यांकडे समुद्राच्या प्रकृतीची खूण म्हणून पाहिलं जातं. जड धातूंनी त्यांच्या पेशी मरायला लागल्यात का, हे सायटोक्रोम सीवरून कळू शकेल. लेबलवर 'शिनाणे' लिहिलेली कुपी मात्र मिळत नाही.

अशा वेळी कंपनीला पत्र लिहून विचारावं की ही अँटीबॉडी प्रथिनाचा कोणता तुकडा ओळखते. तो तुकडा शिंपल्याच्या प्रथिनाच्या क्रमाशेजारी ठेवून किती अक्षरं जुळतात ते पाहावं. हे क्रम सार्वजनिक साठ्यांत फुकट मिळतात. सायटोक्रोम सी कमी बदलणारं असलं तरी अँटीबॉडी बहुधा बदलत्या जागाच धरतात, म्हणून 'सगळ्यांत सारखंच असतं' या समजुतीवर विसंबू नये. जेलवर शिंपल्याच्या नमुन्याशेजारी उंदराच्या यकृताचा नमुना चढवावा. यकृतात बँड आला आणि शिंपल्यात आला नाही तर ब्लॉट बरोबर झालाय, अँटीबॉडीला शिंपला ओळखता येत नाही. आणि अँटीबॉडी न लावलेली ती जोडपट्टी इथेही हवी, कारण हीम शिंपल्यातही आहे.

काहीच जमलं नाही तर शिनाण्याच्या स्वतःच्या क्रमातला तुकडा कृत्रिमरीत्या बनवून त्याविरुद्ध सशात अँटीबॉडी तयार करून घेता येते. देशातल्या काही कंपन्या हे काम करून देतात, काही महिने लागतात. एकट्या विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीत ते बसत नाही. पण गोव्यात समुद्री जिवांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा एकमेकींपासून फार दूर नाहीत. दोघी-तिघींनी खर्च वाटून घेतला, एकाच सशाचं सगळं सीरम अलिकॉट करून वाटून घेतलं आणि तपासणीचे ब्लॉट, न चाललेलेसुद्धा, सगळ्यांना पाहता येतील असे ठेवले, तर शिनाण्यांवर काम करायला येणाऱ्या पुढच्या मुलीला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.